जोडीनं चालवायचं जहाज

गावच्या मंडईला नाटक ठरवायचं होतं म्हणून दिवाळीच्या आधी वडशाला गेलो होतो. आमच्या मंडळात हिशेब माझ्याकडे असतो, त्यामुळे बोलणी करायलाही मलाच पाठवतात. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की रात्री नाटक हवंच. नाटक कंपन्यांची कार्यालयं सगळी वडशात, एकमेकांना लागून. मी ज्या कार्यालयात बसलो होतो तिथले व्यवस्थापक चहा सांगायला बाहेर गेले आणि मी इकडंतिकडं बघत बसलो.

कोपऱ्यात माणसापेक्षा थोडी उंच अशी प्लायवूडची पेटी उभी होती. तिच्या पोटात आडव्या फळ्या ठोकून त्यांवर केसांचे टोप, दाढ्या आणि पत्र्याचे मुकुट ठेवले होते. दाढी चिकटवायच्या गोंदाचा तिखट वास येत होता. पेटीच्या बाजूला पिवळ्या रंगाचा एक पट्टा उरला होता आणि पट्ट्याच्या टोकाला जहाजाची शेपटी. मी उठून जवळ गेलो. समोरच्या उतरत्या फळीवर डावीकडं एक मोठं भोक होतं आणि उजवीकडं दोन लहान. उजवीकडच्या भोकांवर मी दोन बोटं ठेवली.

"जुनी पेटी हाये, भाऊ," व्यवस्थापक चहा ठेवत म्हणाले. "जागा घेतली तवापासून इथीच हाये. कायची होय, आमाले नाई मालूम."

मला मालूम होतं. मी नाटकाची तारीख पक्की केली, चहा प्यालो आणि निघालो. पण घरी येईपर्यंत बसच्या खिडकीतून मला बाहेरचं काही दिसलं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी एसटीत नवा कंडक्टर होतो, लग्न व्हायचं होतं, गडचिरोलीत एक खोली भाड्यानं घेतली होती. माझी जोडी डायव्हर सुदामभाऊंशी लागली. सुदामभाऊ आरमोरीकडचे. घरी थोडी धानाची शेती, दोन मुली, पावसाळ्यात गळणारं कौलारू घर. वयानं माझ्या मोठ्या काकाएवढे असतील. गळ्यात पांढरा दुपट्टा, पायात टायरच्या चपला. सकाळी डेपोत आले की लहानमोठ्या सगळ्यांना जयभीम घालत आणि मग गाडीभोवती एक फेरी मारत. प्रत्येक चाकाला पायानं एक हलकी लाथ देत. नोकरी लागल्यापासून त्यांच्या हातून एकही गाडी कुठं घासलेली नव्हती. हे ते स्वतः कधी बोलत नसत, पण डेपोत कुणी बोललं तर ऐकायला थांबत.

गडचिरोलीहून आरमोरी आणि आरमोरीहून वडसा, असा आमचा रस्ता. आता तो रुंद झाला आहे. तेव्हा समोरून ट्रक आला की दोन्ही गाड्यांची एकेक बाजू मातीत उतरायची. झाडं रस्त्यावर वाकून असत आणि बसच्या टपावर फांद्या खरडल्याचा आवाज सारखा यायचा. कार्तिकात कापलेल्या धानाचा वास बसमध्ये भरायचा, ओलसर आणि गोड. पुसात थंडी अशी पडायची की लोक इंजिनाच्या गरम झाकणावर हात शेकायला पुढं यायचे. त्यांना मागं सरकवणं हे माझं कामच होतं. फागुन लागला की पळस, आणि पळसामागोमाग मोहफुलं. त्या दिवसांत बस जंगलात शिरली की सगळी गाडी एकदम गप्प व्हायची. वासानं माणसं गप्प होतात, हे मी तेव्हा पाहिलं.

बसच्या छताखालून एक दोरी जायची. तिच्या टोकाला डायव्हरच्या डोक्यावर घंटी. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. गाडी चालू असताना सुदामभाऊंशी माझं बोलणं एवढंच.

वडशाला आमचा मोठा थांबा असे. छोट्या लाइनची रेल्वे यायची, तिचे उतारू घेऊनच आम्ही परतायचो, आणि ती गाडी वेळेवर आल्याचं मला तरी आठवत नाही. दुपारचा तो वेळ आम्ही शेवंताबाईच्या हॉटेलात काढायचो. हॉटेल म्हणजे पुढं पत्र्याची पडवी, आत चूल, दोन बाकं. तर्री-पोहे, भजे आणि दुधात उकळलेला चहा. शेवंताबाई आवाजानं आणि अंगानं दांडगी बाई. गिऱ्हाइकाला वाढतानाही रागावल्यासारखी वाढायची आणि हळूच दोन भजी जास्त टाकायची.

एका दिवाळीनंतर पडवीत ती पेटी आली. शेवंताबाईच्या भावाचं नागपूरला नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तिथं नव्या पेट्या आल्या, तेव्हा ही जुनी त्यानं बहिणीकडे पाठवून दिली. माल उतरवणारे गेले आणि ती कशी चालवायची ते सांगायला कुणी उरलं नाही. शेवंताबाईनं तिला हळदकुंकू लावलं, वर एक लिंबू ठेवलं आणि प्लग लावला.

काच उजळली. खाली हिरवी-तांबडी ओबडधोबड जमीन, वर काळं आभाळ, डाव्या बाजूला एक लहानसं जहाज. जहाज म्हणजे विमान, आमच्याकडं तोच शब्द. नाणं टाकलं की जमीन मागं सरकायला लागायची आणि जहाज पुढं चाललंय असं वाटायचं. सुदामभाऊ बाकावर पोहे खात होते. ते हातातली बशी ठेवून उठले.

"हा तं रस्ता हाये गा," ते म्हणाले.

त्यांनी डावीकडचा दांडा धरला. दांडा मागं घेतला की जहाज वर, पुढं केला की खाली. उजवीकडं दोन बटणं होती, त्यांच्याकडं त्यांनी बघितलंही नाही. मला म्हणाले, "घंटी तुह्याकडं."

आम्हाला दोघांनाही त्यात वावगं काही वाटलं नाही. दांडा एका टोकाला, बटणं दुसऱ्या टोकाला, मध्ये वीतभर जागा. पेटी दोन माणसांसाठीच केलेली आहे हे आम्ही गृहीत धरलं. गाडी चालवणारा एक, घंटी मारणारा एक. एका बटणानं समोर गोळी सुटायची, दुसऱ्यानं खाली बॉम्ब पडायचा. सुदामभाऊ "एक" म्हणाले की मी गोळी मारायची, "दोन" म्हणाले की बॉम्ब. जमिनीवर जागोजागी बाण उभे असत, ते मध्येच उठून जहाजाकडं यायचे. आणि मधून मधून टाक्या असायच्या. खाली एक पट्टी सारखी आखूड होत जायची, ती संपली की जहाज आपोआप कोसळायचं. टाकी फोडली की पट्टी परत वाढायची. पहिल्या दिवशी ते कोडं आम्हाला सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी पोहे खाता खाता सुदामभाऊ एकदम म्हणाले, "डिझेल हाये ते." एसटीच्या माणसाला ते कळायला एक दिवस लागला याचं त्यांना पुढं बरेच दिवस हसू येई.

आमचं बघून बाकीचेही तसंच खेळायला लागले. शंकरपटाच्या शर्यतीला बैलांची जोडी जुळवतात तशा माणसांच्या जोड्या जुळल्या. राइस मिलमधले दोन हमाल. रेल्वेचा पोर्टर आणि स्टेशनसमोरचा पानवाला. एक सासरा आणि जावई, ज्यांचं एरवी बोलणं नव्हतं. कुणी एकटा आला तर तो बाकावर बसून जोडीदाराची वाट बघायचा. जोडी मोडून दुसऱ्याशी खेळणं बरं दिसत नसे.

"बसमंदी डायवर कंडक्टरचं आयकते," शेवंताबाई झारा आपटत म्हणायची. "इथी कंडक्टर डायवरचं आयकते. बरं झालं, फिटलं तुमचं."

"मंग बाई, तू कोनाचं आयकतं?" सुदामभाऊ मान न वळवता विचारायचे.

"मी चुलीचं."

हॉटेलामागं राइस मिल होती. तिथल्या उकडलेल्या धानाचा वास पडवीत दिवसभर साचून राहायचा आणि कोंड्याची धूळ चहाच्या पेल्यांवर बसायची. मिलची मोठी मोटर सुरू झाली की लाइट बारीक व्हायची. मग काचेवरचं चित्र दोन्ही बाजूंनी आकसून यायचं, आभाळ अरुंद व्हायचं, जहाजाचा गुरगुराट घोगरा व्हायचा. नवे लोक घाबरून दांडा सोडायचे. आम्ही थांबायचो नाही. सुदामभाऊ म्हणायचे, "घाट लागला." थोड्या वेळानं मोटर सुरळीत व्हायची, चित्र परत पसरायचं आणि घाट संपायचा.

त्या थंडीत एकदा लग्नाला आलेला नागपूरचा एक कॉलेजचा मुलगा पडवीत आला. आमचा डाव संपल्यावर त्यानं पेटीत नाणं टाकलं, डाव्या हातानं दांडा धरला, उजव्या हाताची बोटं बटणांवर ठेवली आणि एकटाच खेळायला लागला. सगळे पेटीभोवती जमले. चांगला खेळला तो. बाणांच्या रानातून गेला, डोंगर ओलांडला, पुढं एक बोगदा लागतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं. खेळ संपवून त्यानं आमच्याकडं बघितलं आणि हसून म्हणाला, "अहो, हे एकट्यानं खेळायचं असतं."

तो निघून गेला. मग शेवंताबाई म्हणाली, "दोस्त नसन बिचाऱ्याले कोनी."

एवढ्यावर तो विषय संपला. खरं काय ते आम्हाला कळलं होतं, तरी दुसऱ्या दिवसापासून कुणीही एकट्यानं खेळलं नाही.

आता मी घरी असतो तेव्हा माझी मुलगी फोनवर खेळते. एका अंगठ्यानं चालवते, दुसऱ्यानं मारते, कानात बोंडं घातलेली. मी शेजारी बसलो तरी तिला माझं काही काम नसतं. तिला नावं ठेवायला मी हे सांगत नाही. खेळ तसाच असतो. मला मात्र तिच्या उजव्या बाजूला सरकून बसायची सवय आहे आणि ती का, हे तिनं कधी विचारलेलं नाही.

त्या साली थंडी सरता सरता आमचा खेळ बिघडायला लागला. आधी आम्ही डोंगरापर्यंत सहज जायचो. आता डिझेल संपून वाटेतच कोसळायला लागलो. टाकी खाली यायची, सुदामभाऊ जहाज वरच ठेवायचे, "दोन" म्हणायचे नाहीत, टाकी निघून जायची.

"टाकी गेली ना, भाऊ."

"कुठी?"

"खाली होती."

"मंग मार ना गा, माह्या तोंडाकडं काय पायतं?"

मला वाटलं, कंटाळले असतील. धान विकायचं होतं, मोठ्या मुलीसाठी स्थळ बघत होते, कौलं बदलायची होती. माणसाचं लक्ष कुठं कुठं असतं. मी मग न सांगता बॉम्ब टाकायला लागलो. "टाकी आली, खाली घ्या," असं आधीच बोलायला लागलो आणि ते जहाज खाली घ्यायला लागले. खेळ परत जमला. शेवंताबाई म्हणाली, "आता बराबर झालं. कंडक्टरचंच चालते शेवटी."

मोहफुलांचे दिवस आले. सकाळी उजाडता उजाडता आमची गाडी निघायची तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडेला बायापोरी टोपल्या घेऊन फुलं वेचत असायच्या. झाडाखालचा पालापाचोळा आधी जाळून जागा साफ केलेली असायची. काळ्या जमिनीवर ती फिकट पिवळी, रसरशीत फुलं फार सुंदर दिसत. धूर जमिनीलगत पसरलेला असायचा. त्या सकाळी मी पुढच्या सीटपाशी उभा राहून तिकिटं फाडत होतो. खिडकीतून डावीकडं एक पोरगी दिसली. डोक्यावर टोपली, फ्रॉकच्या ओट्यातही फुलं. खाली बघत, फुलं वेचत वेचत ती रस्त्यावर आली होती.

मी दोरी एकदा ओढली.

गाडी थांबली. माणसं पुढच्या दांड्यांवर आदळली, कुणाची तरी पिशवी उलटली. पोरगी बंपरच्या डाव्या टोकाशी उभी होती, हात लांब केला असता तर गाडीला लागला असता. तिनं वर बघितलं आणि झाडाकडं पळाली. टोपलीतली फुलं रस्त्यावर सांडली. लोक खिडक्यांतून तिच्यावर ओरडायला लागले.

सुदामभाऊंनी आरशात माझ्याकडं पाहिलं. शांतपणे विचारलं, "कोन उतरून राह्यलं?"

त्यांनी ब्रेक घंटीसाठी मारला होता. पोरगी त्यांना दिसलीच नव्हती.

"कोनी नाई," मी म्हणालो.

"मंग घंटी काऊन मारली?"

"पोरगी होती, भाऊ. डावीकडं."

त्यांनी डावीकडं पाहिलं. त्यासाठी त्यांना मान पुरी वळवावी लागली. रस्त्यावरची फुलं, झाडाआड उभी पोरगी, लोकांचं ओरडणं, सगळं त्यांनी एकेक करून पाहिलं. मग समोर तोंड केलं. मी दोनदा घंटी दिली. त्यानंतर वडशापर्यंत गाडी इतकी सावकाश गेली की सायकलवाले आमच्या पुढं निघून जात होते आणि मागचे लोक विचारत होते, गाडीत काही बिघाड आहे का. मी तिकिटं सोडून सबंध वेळ काचेपाशी उभा राहिलो. बैलगाडी, कुत्रं, वळण, जे दिसेल ते बोलत गेलो. त्यांनी एकदाही मला गप्प बस म्हटलं नाही.

तेव्हा माझ्या मनात दोन्ही गोष्टी जुळल्या. पेटीतल्या टाक्या आणि सकाळची पोरगी. त्यांना समोरचं स्वच्छ दिसत होतं. कडेचं आणि खालचं दिसत नव्हतं.

माझ्या डोक्यात दुपारपर्यंत एकच हिशेब चालू होता आणि तो कसाही मांडला तरी बरोबर येत नव्हता. एका बाजूला बसभर माणसं, रस्त्याच्या कडेची पोरं, गुरं. दुसऱ्या बाजूला सुदामभाऊ, त्यांच्या दोन मुली, अर्धी बदललेली कौलं आणि ज्या एका गोष्टीसाठी डेपोत लोक त्यांचं नाव घेत ती गोष्ट. उत्तर काय आहे ते मला ठाऊक होतं. ते त्यांना कोणत्या शब्दांत सांगायचं ते ठाऊक नव्हतं. परतीची गाडी सुटायच्या आत सांगावं लागणार होतं.

वडशाला उतरलो. शेवंताबाईनं पोहे ठेवले, ते आम्ही दोघांनीही खाल्ले नाहीत. सुदामभाऊ उठले आणि पेटीकडं गेले. मी त्यांच्या मागं गेलो. नाणं पडलं, जमीन सरकायला लागली. मिल चालू होती, चित्र आकसलेलं होतं. मी मुद्दाम गप्प राहिलो. पहिली टाकी आली, गेली. दुसरी आली, गेली. पट्टी आखूड होत चालली.

"कोनती गेली?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही."

त्यांनी दांडा सोडला. जहाज मधोमध सरळ चालत राहिलं. त्यांनी माझं मनगट धरलं, मला डावीकडं ओढलं, माझा हात दांड्यावर ठेवला आणि स्वतः उजवीकडं जाऊन उभे राहिले.

"भाऊ, मले तुमाले एक सांगायचं होतं..."

"सांगू नको," ते म्हणाले. "सकाळी तूच सांगतलं ना. आता समोर पाय. गाडी चालू हाये."

मी समोर पाहिलं. मला दांडा धरायची सवय नव्हती. जहाज वरखाली हेलकावे खायला लागलं आणि पहिल्याच डोंगराला लागून फुटलं. सुदामभाऊ मागं सरले. दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि स्टँडकडं निघाले.

कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन त्यांनी सांगितलं की माझ्यानं गाडी नेणं होणार नाही, डोळ्याला बराबर दिसत नाही. हे ते मोठ्यानं बोलले. खिडकीपाशी उभ्या असलेल्या चारचौघांनीही ऐकलं. कंट्रोलर खुर्चीवरून उठून उभे राहिले. ब्रह्मपुरीहून दुसरा डायव्हर बोलवायचं ठरलं. मधल्या वेळात छोट्या लाइनची रेल्वे आली, उतारू आले, पोत्यांवर, ट्रंकांवर बसून राहिले.

"डायवर झोपला का आज?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाई बावाजी," सुदामभाऊंनी स्वतःच उत्तर दिलं. "डायवर जागाच हाये. म्हनून थांबला."

नवा डायव्हर आला तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. सुदामभाऊ मागच्या दारानं चढले. मी त्यांना पुढं इंजिनाशेजारी बसा म्हणालो, त्यांनी मान हलवली आणि खिडकीजवळच्या एका सीटवर बसले. सगळ्या रस्ताभर ते खिडकीबाहेर बघत होते. आरमोरीच्या पुढं जंगल लागलं, मोहाचा वास आला, गाडी नेहमीसारखी गप्प झाली. एवढी वर्षं हा रस्ता चालवून त्यांनी बाजूची झाडं पहिल्यांदाच निवांत बघितली असतील. मी तिकीट फाडत त्यांच्यापाशी पोचलो तेव्हा त्यांनी खिशात हात घातला. मी म्हणालो, "भाऊ, काऊन मस्करी करता." तेव्हा त्या दिवसातलं पहिलं हसू त्यांच्या तोंडावर आलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलं ते परत येणार नाही, उरलं ते औषधानं धरून ठेवता येईल, असं म्हणाले. डेपोत त्यांना बसून करायचं काम मिळालं. गाड्या निघायच्या आधी ते अजूनही येऊन चाकांना लाथा मारत, आणि नवे डायव्हर त्यांना मारू देत.

उन्हाळ्यात तेंदूपानांचे दिवस आले. रस्त्यावर पानांच्या गड्ड्यांचे ट्रक धावायला लागले, त्यांचा कडवट कोरडा वास बसमध्ये यायचा. एका सुटीच्या दिवशी सुदामभाऊ माझ्या गाडीत चढले. वडशाला काही काम आहे म्हणाले. काम काय ते मी विचारलं नाही. वडशाला उतरल्यावर ते सरळ पडवीत गेले. हॉटेलात गर्दी होती, दोन्ही हमाल पेटीपाशी होते. सुदामभाऊंना बघून ते बाजूला झाले. शेवंताबाई चुलीवरून उठली, पदराला हात पुसत आली आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

"काय पायतं वो बाई? मले दिसते तू."

"मंग सांगा, मी कशी दिसतो?"

"होती तशीच हायेस. चुलीवानी."

ती हसली नाही. वळून भजी तळायला बसली, पाठमोरी.

ते उजवीकडं उभे राहिले, मी डावीकडं. माझा नवा डायव्हर बाकावर चहा पीत आमच्याकडं बघत होता. जमीन सरकायला लागली. त्यांनी काचेकडं न बघता मान थोडी खाली घातली, दोन बोटं बटणांवर ठेवली आणि म्हणाले, "तू सांगत जाय, मी मारतो."

मी सांगत गेलो. बाण उठला, एक. अजून एक. समोर मोकळं आहे. टाकी येते, थांबा, थांबा, दोन. त्यांचं बोट शब्द संपायच्या आत पडत होतं. एवढी वर्षं घंटी ऐकून गाडी थांबवणाऱ्या माणसाला ऐकायचं कसं हे शिकवावं लागत नाही. टाकी फुटली, पट्टी वाढली, मागं हमाल वा म्हणाले. मिलची मोटर सुरू झाली, चित्र दोन्ही बाजूंनी आकसलं, आणि मी म्हणालो, "घाट लागला." ते मान हलवून म्हणाले, "मालूम हाये, आवाज आला."

डोंगर आला. मी दांडा मागं घेतला, थोडा उशिरा घेतला. जहाज फुटलं. काच लाल झाली आणि काळी झाली.

"कुठी ठोकली?" त्यांनी विचारलं.

"डोंगराले."

"कोनं?"

"मी, भाऊ."

त्यांनी बटणांवरची बोटं उचलली, माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि पडवीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हळूहळू शिकशीन."